मराठी बालनामे : बदलती पसंती

मराठी भाषक समाजात मुलामुलींना ठेवल्या जाणाऱ्या नावांमध्ये काळानुसार होत गेलेला बदल. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खाते १८८० पासूनच्या जन्मांची नाववार यादी प्रसिद्ध करते. त्यामुळे ‘जेनिफर’ हे नाव १९७० ते १९८४ या काळात मुलींत सलग पहिले होते, हे तिथे आकड्यांनिशी सांगता येते. भारतात जन्मनोंदणी सक्तीची असली तरी अशी वार्षिक क्रमवारी निघत नाही. मराठी नावांचा इतिहास त्यामुळे जुने ग्रंथ, वंशावळी, शाळेचे हजेरीपट, मतदारयाद्या आणि लग्नपत्रिका यांतूनच जुळवावा लागतो.

तेराव्या शतकातील लीळाचरित्रात महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा अशा स्त्रिया भेटतात. नामदेवांच्या मुलांची नावे नारा, विठा, गोंदा, महादा अशी आहेत. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव ही देवांचीच नावे, पण घरातल्या बोलीत झिजलेली. पुढे शिवकाळात आणि पेशवाईत नावाच्या शेपटाला महत्त्व आले. एकच विठ्ठल शेतात विठू, लष्करात विठोजी, कचेरीत विठ्ठलपंत आणि वाड्यात विठ्ठलराव होई. माणसाची पायरी नावावरून नव्हे, त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून कळे.

या काळातली मुख्य गोष्ट म्हणजे नाव निवडले जात नसे, ते वारशाने येई. घरातल्या तांब्याच्या घंगाळासारखे ते आजोबांकडून नातवाकडे जाई. बाळाजी विश्वनाथाचा मुलगा बाजीराव आणि बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी. संभाजीराजांच्या मुलाचे नाव आजोबांवरून शिवाजीच होते. इतिहास त्याला शाहू म्हणून ओळखतो. या रिवाजामुळे वापरातल्या नावांचा साठा लहान राहिला आणि शंभर वर्षांत फारसे काही जुने झाले नाही. मात्र त्यातून एक घरगुती अडचण उभी राही. सून सासऱ्याचे नाव घेत नसे, आणि तेच नाव तिच्या मुलाचे असे. मग त्याला हाक मारायची कशी? बाळ, बापू, नाना, तात्या, अण्णा, बंडू या टोपणनावांचे मराठीत जे अमाप पीक आले, त्याचे एक मोठे कारण हे आहे. टोपणनाव पुष्कळदा खऱ्या नावाला मागे टाकी. लोकमान्य टिळकांचे नाव केशव. घरातले ‘बाळ’च जगाने उचलले.

मूल जगावे म्हणून मुद्दाम हलके नाव ठेवण्याची चाल वेगळी. आधीची मुले गेली असली की पुढच्याचे नाव धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू असे ठेवीत. दृष्ट लागू नये आणि मृत्यूचेही लक्ष जाऊ नये, हा हेतू. ही चाल सर्व जातींत होती. महर्षी कर्व्यांचे ‘धोंडो’ हे नाव त्याच घराण्यातले. तरीही हलक्या नावांमागे नेहमी मायाच होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असे मनुस्मृती सांगते. आणि गावगाड्यात खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाने भारदस्त नाव लावणे सहन केले जात नसे. मुलींच्या बाबतीत तर हेतू उघडच होता. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुशा’. ही प्रथा फार जुनी झालेली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी कार्यक्रमात अशा २८५ मुलींनी नवी नावे घेतली. कुणी चित्रतारकांची घेतली, कुणी देवींची.

स्त्रीला नाव दोनदा मिळे. बाराव्या दिवशी बारशाला आत्याने कानात सांगितलेले पहिले, आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले दुसरे. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. नदीचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून करू नये, असाही मनुस्मृतीत नियम आहे. गंगा, यमुना, गोदावरी, भागीरथी यांनी भरलेल्या मराठी घरांनी तो कधी मनावर घेतलेला दिसत नाही. लग्नात नाव बदलण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतून विरळ होत गेली. मुलीचे पहिले नाव आयुष्यभर टिकणार म्हटल्यावर ते ठेवताना आईवडील अधिक विचार करू लागले.

नाव निवडण्याची खरी मोकळीक साधारण १९२० नंतर शिकलेल्या शहरी घरांत सुरू झाली. पंत, राव, बाई ही शेपटे गळाली. शरद, वसंत, अरुण, अशोक, विजय, प्रकाश; कुसुम, मालती, उषा, सुधा अशी ऋतूंची, फुलांची, गुणांची नावे आली. नाटके, कादंबऱ्या आणि राष्ट्रीय चळवळ यांनी दूरच्या प्रांतांतली नावेही घरी आणली. मग सुरेश, रमेश, दिनेश यांचा काळ. त्यामागून सुनील, नितीन, राजेश, मिलिंद. मुलींत सुनीता, अनिता, वैशाली, मनीषा. एका मराठी कवी-प्राध्यापकाने, रमेश तेंडुलकरांनी, आपल्या मुलाचे नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले. सुनील गावस्करांनी वेस्ट इंडीजचे फलंदाज रोहन कन्हाय यांच्यावरून मुलाला रोहन म्हटले. कन्हाय गयानात गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशातले, म्हणजे ते नाव समुद्र ओलांडून परत आले. वारशाने आलेल्या नावावरून माणसाचे वय ओळखता येत नसे. निवडलेल्या नावावरून ते ओळखता येते, आणि फॅशनची ही किंमत प्रत्येक पिढी मोजते.

या स्थित्यंतरातला सर्वांत जाणीवपूर्वक झालेला बदल दलित समाजातला आहे. डॉ. आंबेडकरांच्या मुलांची नावे यशवंत, रमेश, राजरत्न, इंदू अशी होती, आणि हलक्या नावांची सक्ती झुगारणे हा त्यांच्या चळवळीचाच भाग होता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, नागसेन, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा ही नावे घरोघरी आली. एका पिढीत एवढ्या मोठ्या समाजाचा नामसंग्रह बदलल्याचे दुसरे उदाहरण मराठीत नाही. त्यातली राहुल, सिद्धार्थ, सुजाता ही आता सर्वांचीच झाली आहेत.

धर्म आणि नाव यांचे नाते इतरत्र वेगळ्या वाटेने गेले. गोव्यात धर्मांतराबरोबर पोर्तुगीज नावे आली, पण कोकणी तोंडात ती जुवांव, पेद्रु, बस्त्यांव, कायतान अशी रुळली. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी उलट बायबलमधली नावे मराठी घाटात बसवली. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे शेजाऱ्यांचे सामाजी हसाजी दिवेकर होते. पुढे इंग्रजी आणि हिब्रू शिक्षण वाढले तशी ‘जी’कारान्त रूपे मागे पडली, गावांवरून आलेली ‘कर’ आडनावे मात्र अनेकांनी इस्राएलमध्येही टिकवली.

गेल्या दोन-तीन दशकांत दोन-तीन अक्षरी नावांकडे ओढा आहे : आर्यन, वेद, अर्णव, विहान, स्वरा, आरोही, अन्वी. परदेशात उच्चारायला सोपे जावे, ही नवी अट आहे. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांवरून काढलेली १०८ अक्षरे, म्हणजे नावरस, पाहणारी घरे अजून पुष्कळ आहेत. फक्त पंचांगाची जागा मोबाइलने घेतली आहे. अर्थ न तपासता नुसत्या नादावर जुळवलेली नावेही वाढली आहेत आणि संस्कृतच्या नावाखाली ती खपतात. दुसरीकडे मुक्ता, रमा, राधा अशी आजीपणजींच्या काळातली छोटी नावे परतली आहेत, तर शिवराज, स्वराज, शंभू ही शिवकालाचा अभिमान सांगणारी नावे ग्रामीण आणि शहरी दोन्ही भागांत ऐकू येतात.

सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची ओळख मिरवीत. त्यानंतर मराठी नावात आईला जागा उरली नव्हती. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेऊन ती पुन्हा दिली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिली जातात.