वाडीची वई

कोकणातल्या मंडणगड तालुक्यात 'वाडी' दोन प्रकारची. वेळास-बाणकोटच्या किनाऱ्याला वाडी म्हणजे नारळी-पोफळींची बाग, आणि वर डोंगरात गेलं की वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. दोन्हींचं मूळ एकच. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्याच कुळातून वाडा आला, वाटिका आली, वाडी आली. झाडं आणि घरं नंतरची, शब्दाच्या पोटात आधी कुंपणच आहे. आपल्याकडे त्या कुंपणाला वई म्हणतात. ती 'वृति' या शब्दाची नात.

वई काटेरी झुडपांची, नाहीतर जांभ्याचा गडगा. तिच्या तोंडाशी बेडं: दोन खांब आणि त्यांच्या भोकांतून सरकवलेले आडवे बांबू. गुरं थबकतात, माणूस बांबू सारून आत येतो. बेड्याला कुलूप नसतं. मला ही रचना फार सुंदर वाटते, कारण ती कोणाला अडवायचं हे नेमकं जाणते.

पण वस्तीच्या वाडीला दुसरीही एक वई होती, डोळ्यांना न दिसणारी. ती नावातच असायची. कुठली वाडी कोणाची, हे नुसत्या नावावरून कळे, आणि पाणवठाही त्यावरूनच ठरे. वस्त्यांची अशी जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला तो 2020च्या डिसेंबरात.

कोकणी माणूस मुंबईत उतरला तेव्हा गिरगावातही वाड्याच होत्या. फणसवाडी, केळेवाडी ही नावं बागांची आठवण धरून आहेत. खोताची वाडी दादोबा वामन खोतांच्या नावाची. तिथल्या जागा त्यांनी ख्रिस्ती कुटुंबांना दिल्या. पुढे 1915 साली गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतःचं घर मिळवायचं, ही त्यातली मोठी गोष्ट. सभासद मात्र एकाच ज्ञातीचे. वाडीची ती दुसरी वई सोसायटीच्या पोटनियमांत शिरली. 2005 साली अहमदाबादच्या एका सोसायटीची, सभासद पारशीच हवा, ही अट सर्वोच्च न्यायालयानेही ग्राह्य धरली. तो निकाल मला आजही सलतो.

आता शहरातल्या सोसायटीच्या फाटकावर वही असते, नाव-गाव-फ्लॅट नंबर लिहून घेणारा रखवालदार असतो. तोही पुष्कळदा कुठल्यातरी वाडीतूनच आलेला. गुरं तर तिथे नाहीतच. अडवली जातात ती माणसं.

ज्या मंडणगड तालुक्यातल्या वाड्यांपासून सुरुवात केली, तिथलंच आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. शाळेत त्यांना आधी लागलेलं 'आंबडवेकर' हे आडनाव याच गावावरून. परळच्या चाळीत त्यांनी बरीच वर्षं काढली आणि 1930च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचं घर बांधलं. त्याला 'राजगृह' नाव दिलं, आणि आत सर्वांत जास्त जागा पुस्तकांसाठी ठेवली.