कंटिन्युअस : सतत, सलग, संतत की अखंड?

पलासियातल्या आपल्या घरांत मुले 'कंटिन्युअस पाऊस पडतोय' म्हणतात आणि मोठी माणसे 'लगातार पडतोय'. दोन्ही सर्वांना समजते. पण निमंत्रणपत्रिका, अहवाल किंवा सूत्रसंचालन मराठीत लिहायला बसले की या एका विशेषणापाशी पेन अडते. म्हणून ही नोंद.

आधी इंग्रजीकडे पाहू. तिथे दोन सख्खे शब्द आहेत. मध्ये मुळीच खंड नसेल तर 'कंटिन्युअस'. थांबून थांबून, पण पुन्हा पुन्हा होत असेल तर 'कंटिन्युअल'. रात्रभर फिरणाऱ्या पंख्याची घरघर पहिल्यात बसते, दिवसभर वाजणारी दाराची घंटा दुसऱ्यात. बोलताना हा भेद फारसा पाळला जात नाही, लिहिताना जाणकार पाळतात.

मराठी 'सतत' मात्र दोन्हीकडे चालतो. 'तो सतत खोकतो' याचा अर्थ श्वास न घेता खोकतो असा कुणी करत नाही. भेद स्पष्ट हवा असेल तर दुसऱ्या प्रकाराला 'वारंवार' किंवा 'सारखा' म्हणावे. तानपुऱ्यावर हे छान कळते. तारा एकामागून एक छेडल्या जातात, म्हणजे बोटाचा स्पर्श वारंवार होतो. नाद मात्र अखंड राहतो. एक दिवसाआड येणाऱ्या नळाला 'नियमित' म्हणता येईल. ते पाणी जिथून येते ती जलूदजवळची नर्मदा 'अखंड' वाहते.

आपले बरेचसे शब्द 'काय नाही' ते सांगून तयार झाले आहेत. अखंडमध्ये खंड नाही, अविरतमध्ये विराम नाही, निरंतरमध्ये अंतर नाही, अविश्रांतमध्ये विश्रांती नाही, अव्याहतमध्ये अडथळा नाही. शब्द निवडताना एवढे पाहिले तरी पुरते. कार्यकर्ते अविश्रांत राबतात. पाऊस अविश्रांत पडला म्हटले तर जरा चमत्कारिक वाटते, कारण दमणे हा माणसाचा धर्म. पावसासाठी 'संततधार' आहे, आणि दिवसचे दिवस आभाळ उघडलेच नाही तर 'झड लागली'. हे दोन शब्द घरात मुद्दाम वापरावेत, कारण 'लगातार'ने सगळ्यात आधी त्यांचीच जागा घेतली आहे.

जागेसाठी आणि दिवसांसाठी 'सलग'. छप्पन दुकानातली दुकाने सलग आहेत; शनिवार, रविवार आणि सोमवारची दिवाळी आली की सलग तीन सुट्या. 'लागोपाठ' थोडा वेगळा: एक संपले की लगेच दुसरे, जसे लागोपाठ दोन प्रयोग. 'सलग' आणि 'लगातार' या दोन्हींत 'लागणे' आहेच, तेव्हा 'लगातार'शी आमचे भांडण नाही. फक्त घरचा शब्द अडगळीत पडू नये.

'अखंड' हा या सर्वांत मानाचा. नवरात्रातला अखंड दिवा, शेजारच्या हिंदी घरातले चोवीस तासांचे अखंड रामायण आणि आपल्या वारकऱ्यांचा अखंड हरिनाम सप्ताह. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत; उभा राहणारा वीणेकरी पाळीपाळीने बदलतो. माणसे बदलूनही कार्य अखंड म्हटले जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 'अभंग' म्हणजेही न भंगलेला. महात्मा फुले यांनी अभंगाच्या वळणाच्या आपल्या रचनांना 'अखंड' हे नाव दिले. दोन्ही नावांचा अर्थ जवळजवळ एकच.

याच शब्दाचा एक वापर मात्र आम्हाला खटकतो. पत्रिकांवर 'अखंड सौभाग्यवती' आणि त्याच यादीत खाली 'गं. भा.' छापले जाते. एकीचे अखंडत्व सांगताना दुसरीचे खंडित झालेले दाखवायचे, याची गरज काय? ज्या मावशी-काकू वर्षानुवर्षे हळदीकुंकवाची तयारी करतात, त्यांतल्या काहींना हे अक्षर वाचून काय वाटत असेल! मोठ्यांनी तोंडी दिलेला आशीर्वाद हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. छापील यादीत सर्वांना 'श्रीमती' लिहावे, असे आमचे मत आहे.

शाळकरी मुलांसाठी दोन गोष्टी. इंग्रजी व्याकरणातल्या प्रेझेंट कंटिन्युअसला मराठीत 'अपूर्ण वर्तमानकाळ' म्हणतात: 'मी लिहीत आहे'. 'मी लिहीत असतो' हा वेगळा, तो 'रीति वर्तमानकाळ'. तिथे सवय आहे, चालू असलेली क्रिया नाही. आणि बारावीच्या हिंदी गणितात जे 'संतत फलन' येते, त्यातला 'संतत' आपल्या संततधारेतलाच: ज्याचा आलेख पेन न उचलता काढता येतो.