विम संपादक : साध्या ईमेलसाठी सेटिंग

रंग, ठळक ठसा किंवा चित्रे नसलेली, केवळ अक्षरांची ईमेल लिहिण्यासाठी विम या मजकूर-संपादकात केली जाणारी जुळणी. डच प्रोग्रॅमर ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये विम प्रसिद्ध केला. बिल जॉय यांचा व्हीआय (1976) हा त्याचा पूर्वज. विम टपाल हाताळत नाही. ते काम मटसारख्या प्रोग्रॅमचे. लिनक्स कर्नलच्या कोडमधले बदल आजही साध्या ईमेलने पाठवले जातात, त्यामुळे ही जुळणी तिथे नित्याच्या वापरातली आहे.

जोडणी : मटमध्ये ‘एडिटर’ म्हणून विमचे नाव दिले की पत्र लिहायला विम उघडतो, फाइल साठवून बाहेर पडले की पत्र मटकडे परत येते. विममध्ये ‘फाइलटाइप प्लगिन’ चालू असल्यास तात्पुरत्या फाइलच्या नावावरूनच तो ईमेल ओळखतो.

ओळीची लांबी : वेगळे माप दिलेले नसेल तर विम ईमेलसाठी ‘टेक्स्टविड्थ’ 72 धरतो. हे माप वाचणाऱ्याच्या सोयीचे आहे. जुन्या टर्मिनलवर ओळ 80 अक्षरांची असे. प्रत्येक उत्तरात मूळ ओळीपुढे > हे चिन्ह व एक मोकळी जागा येते, म्हणजे दोन अक्षरे वाढतात. 72ची ओळ चार उत्तरांनंतरही 80 मध्ये बसते. उद्धृत परिच्छेद विस्कटला तर ‘जीक्यूएपी’ ही आज्ञा > चिन्हे जागेवर ठेवून तो पुन्हा नीट बसवते. कोड चिकटवताना मात्र टेक्स्टविड्थ शून्य करावी, कारण एक ओळ तुटली तरी बदल लागू होत नाही.

ओळीअखेरची जागा : मोबाइलच्या अरुंद पडद्यावर 72ची ओळ मध्येच तुटते. त्यावर उपाय ‘फॉरमॅट=फ्लोड’ (आरएफसी 3676, 2004) : ओळीअखेर मोकळी जागा असल्यास परिच्छेद पुढे चालू आहे असे समजावे. त्यासाठी विमच्या ‘फॉरमॅटऑप्शन्स’मध्ये डब्ल्यू हे अक्षर घालावे व मटमध्ये ‘टेक्स्ट_फ्लोड’ चालू करावे. सहीच्या वरच्या ओळीत दोन आडव्या रेषा व एक मोकळी जागा असते. वरील नियमाला हा अपवाद. फाइल साठवताना अशा मोकळ्या जागा पुसणारी आज्ञा अनेकांच्या विममध्ये असते. ईमेलपुरती ती बंद ठेवावी, नाहीतर परिच्छेद तुटतात आणि सही मजकुरात मिसळते.

देवनागरी : यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे. ‘नमस्कार’मध्ये हलन्त व काना धरून 7 चिन्हे, म्हणजे 21 बाइट, ‘क्वोटेड-प्रिंटेबल’ पद्धतीने पाठवल्यास त्याचीच 63 अक्षरे होतात. ईमेलच्या मानकाने एका ओळीला 998 अक्षरांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि ती बाइटमध्ये मोजली जात असल्याने न तोडलेला मराठी परिच्छेद ती लवकर गाठतो. म्हणून मराठी पत्रातही ओळी तोडाव्यात, आणि विम व मट दोन्हींत यूटीएफ-8च ठेवावे. दोहोंत फरक पडला तर समोरच्याला नमस्काराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात.