यूट्यूबबंदी, पाकिस्तान (२०१२–२०१६)

पैगंबरांची विटंबना करणाऱ्या ‘इनोसन्स ऑफ मुस्लिम्स’ या चित्रफितीवरून पाकिस्तान सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये घातलेली बंदी. भारतात गूगलने हीच फीत अडवली. पाकिस्तानात मात्र यूट्यूबची स्थानिक आवृत्ती नसल्याने गूगलने ती अडवली नाही, म्हणून सरकारने अख्खे संकेतस्थळच बंद केले. प्रॉक्सी, व्हीपीएन जाणणाऱ्यांचे फारसे अडले नाही. फेब्रुवारी २००८ मधील आधीची बंदी तर अंगाशी आली होती: पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरता जाहीर केलेला यूट्यूबचा खोटा जालमार्ग हाँगकाँगच्या कंपनीमार्फत बाहेर पसरला आणि यूट्यूब जगभर सुमारे दोन तास ठप्प झाले. २०१२ च्या बंदीला ‘बाइट्स फॉर ऑल’ या संस्थेने लाहोर उच्च न्यायालयात आव्हान दिले. स्थानिक आवृत्ती निघाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये ही बंदी उठली. आक्षेपार्ह फिती देशापुरत्या अडवण्याची मागणी सरकार आता गूगलकडे करते.