मुंबईत बांधलेलं जहाज, नऊ स्वयंपाकघरांचा राजवाडा: इंग्लंडच्या किनाऱ्यावरची संग्रहालयं काय दाखवतात?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं एक बंदर आहे. तिथे धक्क्याला लागून एक तीन डोलकाठ्यांचं लाकडी लढाऊ जहाज उभं आहे. शाळेच्या सुट्टीत लहान मुलं त्याच्या तोफा बघतात, खलाशांचे झोपायचे झोळणे बघतात, कप्तानाच्या खोलीत डोकावतात. हे जहाज इंग्लंडमध्ये बांधलेलं नाही. ते मुंबईत बांधलं गेलं.

युकेमध्ये शिकायला, नोकरीसाठी किंवा मुलांकडे राहायला गेलेली अनेक मराठी कुटुंबं लंडनचा टॉवर आणि राजवाडा बघून झाला की 'आता कुठे?' असं विचारतात. समुद्रकिनारा हे त्याचं एक उत्तर आहे. लंडनहून ब्रायटनला रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येतं. पण किनारा म्हणजे फक्त वाळू आणि आइस्क्रीम नाही. तिथली संग्रहालयं काय दाखवतात, त्यांना किती खर्च येतो आणि जाण्याआधी कोणती काळजी घ्यावी, ते पाहूया.

इंग्रजांना समुद्रकिनाऱ्याचं वेड कधीपासून?

सुरुवात मौजेसाठी नाही, औषधासाठी झाली. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल या डॉक्टरने समुद्राच्या पाण्यात आंघोळ करणं आणि ते पाणी पिणं गुणकारी असल्याचं लिहिलं. श्रीमंत लोक ब्रायटनला येऊ लागले आणि त्यांच्या पाठोपाठ राजघराणंही आलं.

सामान्य माणसाला किनारा दाखवला तो रेल्वेने. 1841 मध्ये लंडन ते ब्रायटन मार्ग सुरू झाला. 1871 च्या कायद्याने बँक हॉलिडे आले. लँकेशायरमधल्या सूतगिरण्या वर्षातून काही दिवस बंद असायच्या, तेव्हा अख्खी गावं ब्लॅकपूलला लोटायची. याच गर्दीसाठी 1894 मध्ये आयफेल टॉवरवरून प्रेरणा घेतलेला 158 मीटर उंचीचा ब्लॅकपूल टॉवर उभा राहिला. 1938 च्या कायद्याने पगारी सुट्टीला बळ मिळालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर किनारे फुलून गेले.

मग विमानं स्वस्त झाली. 1960 आणि 70 च्या दशकांत इंग्रज कुटुंबं खात्रीचं ऊन शोधत स्पेनला जाऊ लागली. किनाऱ्यावरची लॉज ओस पडली. आज जी संग्रहालयं दिसतात, त्यातली बरीच या पडझडीनंतर गावाला पुन्हा उभं करायच्या प्रयत्नातून आली आहेत किंवा वाढली आहेत.

मुंबईचं जहाज हार्टलपूलला कसं पोहोचलं?

जहाजाचं नाव आहे 'एचएमएस ट्रिंकोमाली'. श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीजवळ 1782 मध्ये झालेल्या नौदल लढाईवरून ते दिलं गेलं. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओक लाकडाचा तुटवडा होता. मुंबईत मात्र मलबारचं सागवान मिळत होतं आणि ते हाताळणारे निष्णात कारागीरही होते. वाडिया हे पारशी घराणं 1736 पासून मुंबईत जहाजं बांधत होतं. हे काम जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्याकडे आलं.

जहाजाचे आराखडे इंग्लंडहून ज्या जहाजातून निघाले, ते 'एचएमएस जावा' 1812 मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेने हरवलं. आराखडे गेले आणि नवे पाठवावे लागले. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ट्रिंकोमाली पाण्यात उतरलं, तोवर नेपोलियनचा पराभव होऊन दोन वर्षं झाली होती. ज्या युद्धासाठी ते हवं होतं, तेच संपलं होतं. इंग्लंडला पोहोचल्यावर ते पंचवीसेक वर्षं राखीव म्हणून नुसतं उभं राहिलं.

पुढे त्याने वेस्ट इंडीज आणि प्रशांत महासागरात सेवा केली, मग दुसऱ्या नावाने प्रशिक्षण जहाज म्हणून काम केलं. 1987 मध्ये ते हार्टलपूलला आणलं गेलं. हे एकेकाळी जहाजबांधणीचं गाव, पण तो धंदा बंद पडलेला. त्याआधीच 'एचएमएस वॉरियर' या 1860 च्या लोखंडी युद्धनौकेची दुरुस्ती इथे झाली होती, त्यामुळे जुनी जहाजं हाताळणारे हात गावात होते. ट्रिंकोमालीचं काम 2001 मध्ये पूर्ण झालं. आज पाण्यावर तरंगत असलेली ही सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे. नेल्सनची 'एचएमएस व्हिक्टरी' त्याहून जुनी आहे, पण ती 1922 पासून पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत आहे.

दोनशे वर्षांनंतरही सागवान टिकलं. मुंबईत ज्या गोदीत ते बांधलं गेलं, तो परिसर आता नौदलाच्या ताब्यात असल्याने तिथे सहज जाता येत नाही. म्हणजे मुंबईच्या जुन्या जहाजबांधणीचा हा नमुना मुलांना हात लावून दाखवायचा, तर हार्टलपूल गाठावं लागतं.

ब्रायटनच्या राजवाड्यात भारतीय सैनिक का होते?

ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन दुरून एखाद्या मुघल इमारतीसारखा दिसतो. घुमट, मिनार, जाळीची नक्षी. आत मात्र ड्रॅगन आणि चिनी धाटणीची सजावट आहे. पुढे चौथा जॉर्ज म्हणून राजा झालेल्या युवराजासाठी जॉन नॅश या वास्तुरचनाकाराने 1815 ते 1823 दरम्यान त्याला हे रूप दिलं. राणी व्हिक्टोरियाला तो आवडला नाही आणि 1850 मध्ये नगराने तो विकत घेतला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी डिसेंबर 1914 मध्ये इथे रुग्णालय सुरू झालं. झुंबरांखाली खाटा लागल्या. धर्म आणि जातीचे नियम पाळता यावेत म्हणून नऊ स्वयंपाकघरं केली गेली. हिंदू आणि मुस्लिम सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे ठेवले गेले.

ही काळजी खरी होती, पण तिच्यामागे राजकारणही होतं. साम्राज्य आपल्या सैनिकांना कसं जपतं हे भारतात दिसावं म्हणून इथली छायाचित्रं आणि पोस्टकार्डं पसरवली गेली. राजाने स्वतःचा राजवाडा सैनिकांसाठी मोकळा केला असा समज तयार झाला. प्रत्यक्षात तो साठ-पासष्ट वर्षं नगराच्या मालकीचा होता. सैनिकांची घरी जाणारी पत्रं सेन्सॉर होत होती.

1916 च्या सुरुवातीला भारतीय रुग्णालय बंद झालं. जे बरे झाले नाहीत, त्यांपैकी 53 हिंदू आणि शीख सैनिकांवर शहराबाहेरच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे 1921 मध्ये पांढऱ्या संगमरवराची 'छत्री' उभारली गेली. मुस्लिम सैनिकांचं दफन वोकिंगच्या मशिदीजवळ झालं. पॅव्हिलियनमध्ये या रुग्णालयाची माहिती देणारं दालन आहे. मुलांसोबत जात असाल तर आधी राजवाडा, मग छत्री आणि शेवटी किनाऱ्यावर 1883 पासून धावणारी फोल्क्सची छोटी विजेची रेल्वे, असा दिवस जमतो. छत्रीपर्यंत मात्र मोकळ्या टेकडीवरून चालावं लागतं, त्यामुळे चांगले बूट हवेत.

तिकिटाशिवाय सापडणारे जीवाश्म

दक्षिण किनाऱ्यावरचा सुमारे 155 किलोमीटरचा पट्टा 'जुरासिक कोस्ट' म्हणून ओळखला जातो. 2001 मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. इथल्या कड्यांमध्ये 18 कोटी 50 लाख वर्षांचा इतिहास थरांमध्ये दिसतो.

या पट्ट्यातल्या लाइम रीजिस गावात 1799 मध्ये मेरी अॅनिंगचा जन्म झाला. वडील सुतार होते. किनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म पर्यटकांना विकून घराला हातभार लागायचा. मेरीच्या भावाला 1811 मध्ये एका प्रचंड प्राण्याची कवटी दिसली. त्या प्राण्याचा उरलेला सांगाडा साधारण बारा वर्षांच्या मेरीने शोधला. तो इक्थिओसॉर होता. 1823 मध्ये तिला प्लेसिओसॉरचा पूर्ण सांगाडा मिळाला. तरीही बाई असल्यामुळे लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेचं सदस्यत्व तिला मिळू शकत नव्हतं. तिने शोधलेल्या वस्तूंवर पुरुषांनी निबंध वाचले. तिच्या घराच्या जागेवरच आज गावाचं संग्रहालय आहे.

किनाऱ्यावर सुटे पडलेले जीवाश्म शोधायला मुलांना तिकीट लागत नाही. कड्यावर हातोडा मारायचा नाही, कारण ते कडे ढासळतात. ओहोटी लागलेली असताना जायचं आणि कड्याच्या पायथ्यापासून लांब राहायचं.

पोर्ट्समथमध्ये मुलांना काय आवडतं?

आठव्या हेन्रीची युद्धनौका 'मेरी रोझ' 19 जुलै 1545 रोजी बुडाली. जवळपास 500 माणसांपैकी 35 हून कमी वाचली. ऑक्टोबर 1982 मध्ये तिचा सांगाडा समुद्रतळातून वर काढला गेला. सोबत 19 हजारांहून जास्त वस्तू मिळाल्या: धनुष्यं, बूट, वाद्यं, जहाजावरच्या कुत्र्याचा सांगाडा आणि खलाशांच्या उवा काढायच्या फण्या. मुलांना तोफांइतक्याच या फण्या लक्षात राहतात. 2013 मध्ये उघडलेल्या संग्रहालयात हे सगळं बघता येतं.

खर्च किती आणि वाचतो कुठे?

2001 च्या अखेरीपासून ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमस्वरूपी संग्रह मोफत बघता येतो. किनाऱ्यावरची अनेक ठिकाणं मात्र न्यासांची किंवा नगरपालिकांची आहेत आणि तिकिटांवर चालतात. चौघांच्या कुटुंबाला एका मोठ्या ठिकाणाचं तिकीट, रेल्वे आणि जेवण हे सगळं जड जाऊ शकतं. त्यासाठी काही गोष्टी उपयोगी पडतात:

- कुटुंब तिकीट: दोन मोठे आणि दोन-तीन मुलं मिळून असलेलं तिकीट सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं.
- वर्षभराचं तिकीट: काही ठिकाणी एकदा काढलेलं तिकीट वर्षभर चालतं. जवळ राहणाऱ्यांना त्याचा फायदा होतो.
- रेल्वे: पाच वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही, पाच ते पंधरा वयाला साधारण निम्मं. कुटुंबासाठीचं रेलकार्ड असेल तर आणखी सवलत मिळते.
- मोफत ठिकाणं: मार्गेटमधलं टर्नर कंटेम्पररी कलादालन आणि नॉर्थम्बरलँडमधलं ग्रेस डार्लिंग संग्रहालय मोफत आहे. दीपगृह सांभाळणाऱ्याची मुलगी असलेल्या ग्रेसने 1838 च्या वादळात वडिलांसोबत नाव वल्हवत बुडत्या जहाजावरच्या लोकांना वाचवलं होतं.

हिवाळ्यात बरीच ठिकाणं बंद असतात किंवा लवकर बंद होतात. जुलैच्या अखेरपासून ऑगस्टभर शाळांना सुट्टी असते, तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही वाढतात. मे-जूनमधले शाळेचे दिवस बरे.

भरती-ओहोटी आधी का बघायची?

हाजीअलीचा रस्ता भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो, हे मुंबईकरांना माहीत आहे. नॉर्थम्बरलँडच्या लिंडिसफार्न बेटावर जाणाऱ्या रस्त्याचंही तेच होतं. सातव्या शतकातला मठ आणि 793 च्या व्हायकिंग हल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा बुडतो. सुरक्षित वेळा जाहीर केलेल्या असतात, तरी गाड्या अडकतात.

पोहताना लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहायचं, कारण तिथे जीवरक्षकांचं लक्ष असतं. पूर्ण लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. कोणी संकटात दिसलं तर 999 ला फोन करून 'कोस्टगार्ड' मागायचा.

एका दिवसाच्या पाहुण्याने गाव तरतं का?

2019 च्या सरकारी निर्देशांकात इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित वस्त्यांच्या यादीत एसेक्स किनाऱ्यावरचं जेविक पहिलं होतं आणि ब्लॅकपूलच्या अनेक वस्त्या वरच्या क्रमांकांवर होत्या. 2021 मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी वार्षिक अहवाल किनारपट्टीवरच्या आरोग्यावरच लिहिला. या भागांत आयुर्मान कमी आणि मोठ्या आजारांचं प्रमाण जास्त असल्याचं त्यात म्हटलं होतं. हंगामी नोकऱ्या, रिकाम्या लॉजमधली निकृष्ट भाड्याची घरं आणि बाहेर जाणारी तरुण पिढी ही त्यामागची काही कारणं.

सकाळी येऊन संध्याकाळी परतणारं कुटुंब मुक्कामी पाहुण्यापेक्षा कमी खर्च करतं. त्यामुळे एखादं संग्रहालय गावाचं नशीब पालटेल, अशी अपेक्षा जास्तच आहे. पण संग्रहालय पावसातही चालतं, हंगामापलीकडे लोक आणतं आणि सुतार, मार्गदर्शक, संवर्धक यांना गावातच काम देतं. ब्लॅकपूलने 2024 मध्ये आपल्याच करमणुकीच्या इतिहासाचं 'शोटाउन' हे संग्रहालय उघडलं, ते याच हिशेबाने.

म्हणून दिवसाची आखणी करताना एक साधी गोष्ट करता येते. डबा सोबत असला तरी चहा गावातल्या छोट्या दुकानात घ्यायचा. आणि जमलं तर एक रात्र राहायचं.