गर्भांक : एकांकिकेचा एक जुना पाठ

बालाघाटहून गोंदियामार्गे आमगावाकडे गेले असता पदमपूर हे लहानसे गाव लागते. आठव्या शतकातील महाकवी भवभूतीने आपल्या कुलाचे स्थान म्हणून ज्या पद्मपुराचा निर्देश केला आहे, ते हेच होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. वाकाटक नृपती द्वितीय पृथिवीषेणाचे ताम्रपटही बालाघाटच्याच परिसरात सापडले. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु वैनगंगेच्या दोन्ही तीरांचा सांस्कृतिक वारसा त्यामुळे दुभंगला, असे मानण्याचे कारण नाही.

तरीही येथील तरुण एकांकिका लिहावयास बसला, की आदर्शासाठी पुण्या-मुंबईकडे पाहतो. १९६३ पासून पुण्यात चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने हा प्रकार महाविद्यालयांत रुजविला, हे निर्विवाद आहे. पण एका अंकाचे नाटक ही काही काल-परवाची आयात नव्हे. भरतमुनींच्या दशरूपकांत भाण, व्यायोग, प्रहसन हे एकांकी प्रकार आहेतच. पैकी व्यायोगाचे कथानक एका दिवसातच आटोपावे, असा दंडक आहे. १९१२ पासून गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रम येथून प्रसिद्ध केलेल्या भासाच्या नाटकांत ‘कर्णभार’, ‘ऊरुभंग’ अशी एकांकी नाटके आहेत.

नवशिक्याने मात्र प्रथम ‘उत्तररामचरिता’चा सातवा अंक वाचावा. भवभूतीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, असे त्यांच्या प्रस्तावनाच सांगतात. म्हणजे देवळाच्या यात्रेस जमलेला समाज हाच त्यांचा प्रेक्षक. या अंकात गंगातीरी वाल्मीकीने रचलेले नाटक अप्सरा करून दाखवितात. प्रेक्षकांत साक्षात् राम बसलेला आहे. नाटकातल्या या नाटकास गर्भांक म्हणतात.

त्याचा आरंभ पाहण्याजोगा आहे. सीतेचा त्याग कसा झाला, लोकापवाद कसा उठला, यातले काहीही पुन्हा सांगितलेले नाही. पडद्याआडून प्रसववेदनांनी व्याकुळ झालेल्या, गंगेत उडी घेऊ पाहणाऱ्या सीतेचा आक्रोश ऐकू येतो, आणि लगेच पृथ्वी व भागीरथी एकेक बालक कडेवर घेऊन तिला सावरीत प्रवेश करतात. आपले नवे लेखक पहिली दहा मिनिटे कुळकथा सांगण्यात दवडतात, ते येथे किती सहज टळले आहे! पात्रे मोजकीच, पण त्यांत संघर्ष आहे : कन्येची माता पृथ्वी रामावर संतापली आहे, तर रघुकुलाची देवता भागीरथी तिला शांतविते. दोघींचेही म्हणणे खरे वाटते, म्हणूनच संवाद जिवंत राहतो.

मुलांची ओळख तर भाषणावाचून पटते. पहिल्या अंकात चित्रे पाहताना रामाने, जृंभकास्त्रे तुझ्या अपत्यांना प्राप्त होतील, असे सीतेस म्हटले होते. येथे ती अस्त्रे आपण होऊन बालकांपुढे प्रकटतात.

सीता धरणीच्या पोटात जाऊ इच्छिते. बाळांचे दूध तुटेपर्यंत थांब, असे माता सांगते. तिकडे प्रेक्षक राम वारंवार भान विसरतो, हे नाटक आहे, असे लक्ष्मणाला त्याला बजावावे लागते, आणि अखेरीस तो मूर्च्छित पडतो. गर्भांक तेथे थांबतो. पुढे अरुंधतीसह खरी सीता येते व तिच्या हस्तस्पर्शाने राम शुद्धीवर येतो. परंतु तो भाग मूळ नाटकाचा, वाल्मीकीच्या गर्भांकाचा नव्हे.