बिलियर्डच्या चेंडूंची निगा

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकाता येथे हौशी बिलियर्डचे जगज्जेतेपद पटकावले; वैयक्तिक खेळात असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. या खेळात नेमाइतकेच महत्त्व चेंडूच्या स्वच्छतेला आहे. ५२.५ मिलिमीटर व्यासाच्या चेंडूवर क्यूच्या टोकाचा खडू, हाताचा घाम आणि कापडाचे तंतू बसतात. दोन चेंडू जेथे भिडतात तेथे खडूचा कण आला, तर घर्षण वाढते, चेंडू किंचित उसळतो आणि अचूक फटकाही वाया जातो. खेळाडू यालाच ‘किक’ म्हणतात.

आजचे चेंडू फिनॉलिक रेझिनचे असतात. ते कोमट पाणी व सौम्य साबणाने मऊ कापडाच्या साहाय्याने स्वच्छ करावेत, साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि मगच कोरड्या कापडाने घासून झळाळी आणावी. ब्लीच, ॲसिटोन व खरखरीत घासणी टाळावी. मोटारीचे मेणही लावू नये. त्याचा थर घर्षण बदलतो आणि टेबलाच्या कापडालाही लागतो. जुने हस्तिदंती चेंडू मात्र पाण्यात बुडवू नयेत. हस्तिदंत ओल शोषतो आणि त्याला तडे जातात.

क्यूचा थेट फटका बसणारा चेंडू सर्वाधिक मळतो. तो प्रत्येक डावापूर्वी पुसावा.